अत्तरानं पुसलेलं हेड

उस्मानपुऱ्यात एका तीन मजली इमारतीच्या जिन्याखाली गोकुळ हिवराळेचं दुकान आहे. दुकान म्हणायचं ते आपलं त्याचं मन राखायला. खरं तर ती एक खोबण आहे. तिच्यात एक टेबल, एक टीव्ही, तीन जुने व्हीसीआर आणि स्वतः गोकुळ एवढंच मावतं. गिऱ्हाइकानं पायरीवर उभं राहायचं. बाहेर पाटी आहे : ‘जुन्या कॅसेट पेनड्राईव्हमध्ये करून मिळतील. व्हिडिओ कॅमेऱ्याचे हेड साफ करून मिळेल.’ आणि तिच्याखाली लाल अक्षरांत : ‘अत्तर लावलेल्यांनी कृपया बाहेरूनच बोलावे.’

या शेवटच्या ओळीवरून गल्लीत बरीच थट्टा झालेली आहे. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणतो, गोकुळभाऊंना दमा आहे. समोरचा चहावाला म्हणतो, तरुणपणी भाऊंचा जीव कुण्या अत्तरवाल्याच्या मुलीवर जडला होता. बायको रूपा म्हणते, “वास सोसत नाय त्यांना, बाकी काय नाय.” ईदला शहागंजातले दोस्त शीरखुर्म्याचा डबा घेऊन येतात, तेव्हा हा गृहस्थ रस्त्यावर उतरून त्यांची गळाभेट घेतो आणि मग नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतो. दोस्त हसतात, गोकुळही हसतो. खरं कारण मात्र त्यानं आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण ते सांगण्यासारखं नाही.

हेड साफ करण्यात त्याचा हात धरणारा माणूस शहरात सापडायचा नाही, हे मात्र खरं. व्हिडिओ कॅमेऱ्यात कॅसेट बसते तिथं एक चकचकीत नळकांडं असतं, त्याला ड्रम म्हणतात. ड्रमच्या कडेला नखाच्या टोकाएवढी हेड बसवलेली असतात. चित्र टेपवर उतरवायचं आणि पुन्हा वाचायचं, हे काम त्यांचं. त्यांच्यावर घाण बसली की पडद्यावर नुसत्या मुंग्या. लोक मग कापसाची काडी घेऊन दात कोरावेत तसं आत कोरतात आणि हेडचा तुकडा पाडून ठेवतात. गोकुळ कोऱ्या पांढऱ्या कागदाची पट्टी कापतो, स्पिरीटमध्ये भिजवतो, ड्रमला नुसती टेकवून धरतो आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं ड्रमच हळूहळू फिरवतो. पट्टीवर काळी रेघ उमटते. पट्टी बदलायची, पुन्हा टेकवायची. रेघ उमटायची थांबेपर्यंत हेच. या वेळी तो श्वाससुद्धा जपून घेतो. बघणाऱ्याला वाटतं, काय ही कामावरची निष्ठा! निष्ठा कसली, भीती आहे ती. चोवीस वर्षं झाली तिला.

दोन हजार एक सालच्या मे महिन्यात गोकुळ अठ्ठावीस वर्षांचा होता. खांद्यावर घ्यायचा व्हीएचएस कॅमेरा त्यानं नुकताच सेकंडहँड घेतला होता आणि त्या कॅमेऱ्यामुळे त्याची मान जरा जास्तच ताठ झाली होती. लग्नघरी तो शिरला की लोक वाट देत, नवरदेवाचा मामासुद्धा ‘भाऊ, मी इथं उभा राहू का?’ असं विचारून उभा राही. अशा दिवसांत त्याला फर्दापूरचं लग्न मिळालं. सांडू मगरे यांची मुलगी सुलेखा आणि शहरातला अभय. आपल्याच समाजातलं लग्न, ओळखीतून आलेलं. पोरगा होतकरू आहे, त्याला काम द्या, असं चार जणांनी सांगितलं म्हणून आलेलं.

सांडू मगरे अजिंठ्याच्या लेण्यांत दिवा धरायचे. भिंतीवरचं चित्र बघणाऱ्याला दिसावं म्हणून नेमक्या जागी, नेमका तिरपा दिवा धरून हात न हलवता उभं राहायचं, ही त्यांची नोकरी. जगभरचे लोक ते चित्र बघत. सांडूबाबा लोकांचे चेहरे बघत. उजेडाबद्दल त्यांना फार आदर. लग्नाच्या दिवशी गोकुळचा मेहुणा राजेंद्र हातात मोठा लाईट घेऊन मांडवात आला, तेव्हा बाबांनी त्याच्याकडं आपल्याच खात्यातला माणूस भेटावा तसं कौतुकानं पाहिलं.

वरातीचं शूटिंग झालं. मंगल परिणयाला दहा मिनिटं होती. गोकुळनं सवयीनं कॅसेट जराशी मागं घेऊन कॅमेऱ्याच्या डोळ्यातून पाहिलं. शेवटच्या मिनिटाभरात मुंग्या. हेड घाण झालं होतं. त्यानं पिशवी उघडली तर स्पिरीटची बाटली जीपमध्ये आडवी होऊन सगळी सांडलेली. फर्दापुरात ऐन दुपारी स्पिरीट कुठं शोधायचं? आणि तेवढ्यात त्याला मांडवाच्या दाराशी नवरीचे एक काका दिसले. हातात अत्तराची कुपी, येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर एक बोट.

आता यापुढचा विचार गोकुळनं कसा केला, ते त्याचं त्यालाच माहीत. स्पिरीट लावलं की गार लागतं आणि उडून जातं. अत्तर लावलं की गार लागतं आणि उडून जातं. म्हणजे बाब एकच! त्यानं काकांकडून कुपी मागून घेतली, कागदाची पट्टी चांगली भिजवली आणि हेड पुसलं. अत्तरात तेल असतं, हे कुठल्याही न्हाव्यानं त्याला सांगितलं असतं. विचारायला वेळ नव्हता आणि खरं सांगायचं तर, कॅमेरावाल्यानं असलं काही विचारायचं असतं असं त्याला वाटतच नव्हतं. तपासूनही न बघता त्यानं लाल बटण दाबलं. शूटिंग चालू असताना कॅमेऱ्याच्या डोळ्यात समोरचं चित्र स्वच्छच दिसतं; टेपवर काय उतरतंय ते कळत नाही.

त्रिशरण झालं, पंचशील झालं, वधूवरांनी प्रतिज्ञा घेतल्या, हार घातले, फुलं पडली. सुलेखा वडिलांच्या गळ्यात पडली तेव्हा गोकुळला ती बाजू अंधारी वाटली. “बाबा, परत एकदा. जरा इकडं तोंड करून.” बाबांनी लेकीला पुन्हा जवळ घेतलं. “अजून एकदा, राजेंद्रला पुढं येऊ द्या.” बाबांनी तिसऱ्यांदा घेतलं. पहिल्या वेळी ते रडत होते. तिसऱ्या वेळी डोळे कोरडे होते आणि ते नुसते हात न हलवता उभे होते, चित्र नीट यावं म्हणून.

जेवणाच्या वेळी मांडवामागं जाऊन गोकुळनं कॅसेट मागं घेऊन पाहिली. वरात धूसर का होईना, दिसली. तिच्यापुढं सगळ्या मुंग्या. हार नाही, प्रतिज्ञा नाही, बाप नाही, लेक नाही. त्यानं रुमालानं ड्रम पुसला, तर तेल आणखीच पसरलं. टेप पुन्हा जागेवर आणून, आता तरी काही उतरतंय का बघायला त्यानं लाल बटण दाबलं, आणि मग राजेंद्रला जे घडलं ते सांगितलं.

राजेंद्र सरळ माणूस. तो म्हणाला, सांगून टाक, हार परत घालतील, माणसं अजून मांडवातच आहेत.

गोकुळनं सांगितलं नाही. पुढचे दोन तास त्यानं आहेराचं शूटिंग केलं. फर्दापूरचं निम्मं गाव एकेक करून त्या लाईटसमोर आलं. म्हाताऱ्यांनी टोपी नीट केली, बायांनी पदर सावरला, लेकरांना पुढं ढकललं, आणि सगळे त्या काचेकडं बघून हसले. आतमध्ये काही उतरत नव्हतं. गोकुळला ते ठाऊक होतं, तरी तो “थोडं डावीकडं” म्हणत होता. नंतर कितीतरी वर्षं त्याला रात्री आठवायचं ते हेच. चूक नव्हे, ते “थोडं डावीकडं”.

सांजच्याला लाईट आवरताना त्यानं कॅसेट सांडूबाबांच्या हाती दिली. बाबांनी ती पाहुण्यांच्या पाया पडण्याच्या गडबडीत, खाली पडू नये म्हणून, लाऊडस्पीकरच्या मोठ्या खोक्यावर ठेवली. दिवे लागल्यावर शेजारच्यांचा व्हीसीआर आणून सगळे टीव्हीसमोर बसले. वरात दिसली, टाळ्या पडल्या. मग पडदा निळा झाला आणि आवाजही बंद. त्या व्हीसीआरची रीतच तशी, चित्र सापडलं नाही की निळा पडदा ओढून तोंड मिटून बसायचं. घर गोकुळकडं बघायला लागलं.

गोकुळ खोटं असं काही बोललाच नाही. त्यानं फक्त विचारलं, “कॅसेट कुठं ठेवली होती?”

सांडूबाबा भाबडेपणानं म्हणाले, “त्या स्पीकरच्या डब्यावर.”

“मग झालं,” गोकुळ म्हणाला आणि त्यानं मान हलवली. “लोहचुंबक असतंय त्यात.”

झालं. सगळ्या घराची मान गोकुळवरून बाबांकडं वळली. लोहचुंबकानं वरात तेवढी का सोडली, असं कुणी विचारलं नाही. सुलेखा आत निघून गेली. तिची आई लीलाबाई नवऱ्याकडं बघत राहिली. नवरदेवाकडचा कुणी तरी हसून म्हणाला, “सासऱ्यानं लग्नच पुसलं की!” आणि त्या हशात गोकुळची सुटका झाली. निघताना सांडूबाबांनी त्याच्यापुढं हात जोडले आणि ते म्हणाले, “भाऊ, तुमची मेहनत वाया घालवली मी. माफ करा.”

गोकुळनं माफ केलं!

वर्षाच्या आत त्यानं लग्नाचं शूटिंग सोडलं. लोकांना म्हणाला, खांदा दुखतो. दुरुस्तीच्या कामाला लागला. फर्दापूरच्या बातम्या पाहुण्यारावळ्यांतून येत राहिल्या आणि त्यातली एक दर वेळी तीच असायची. सांडूबाबांना आता घरात कुणी कुठली वस्तू धरायला देत नाहीत. बारसं असो, वास्तू असो, कुणी तरी म्हणणारच, बाबांच्या हातात देऊ नका, पुसून टाकतील. सगळे हसतात. बाबाही हसतात म्हणे. गोकुळ हे ऐकून मान खाली घालायचा. पाहुणे आले की वेरूळला तो दहा वेळा गेला असेल. अजिंठ्याचं नाव निघालं की त्याला नेमका ताप भरायचा.

यंदा फेब्रुवारीत, दुपारी तीनच्या सुमाराला, दुकानाच्या पायरीशी एक मुलगी आणि एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. म्हाताऱ्यांच्या छातीशी कापडात गुंडाळलेलं काही होतं.

“काका, ही आईच्या लग्नाची कॅसेट आहे,” मुलगी म्हणाली. “पुढच्या रविवारी माझं लग्न आहे. तिला सरप्राईज द्यायचंय. खराब झालेली आहे, पण काही निघतं का बघा ना.”

म्हाताऱ्यांनी कापड सोडलं. कॅसेटच्या पाठीवर निळ्या शाईत लिहिलेलं होतं : ‘चि. सौ. कां. सुलेखा – चि. अभय, फर्दापूर.’ अक्षर गोकुळचं होतं. सुलेखाच्या ‘ले’ची मात्रा जरा लांब ओढलेली, त्या काळात तो अशीच ओढायचा, ऐटीत.

सांडूबाबा समोर होते, अठ्ठ्याहत्तरीचे, डोळ्यांचं ऑपरेशन झालेले, आणि त्यांनी गोकुळला ओळखलं नव्हतं. ओळखणार कसे? तेव्हा डोक्यावर केसांचं रान होतं, आता तिथं काही नव्हतं.

“ठेवून जा,” गोकुळ म्हणाला. “चार दिवसांनी फोन करतो.” चार दिवसांनी काय सांगायचं, हेही त्यानं तेवढ्या वेळात ठरवून टाकलं होतं. काही निघालं नाही. संपलं.

“नाय भाऊ,” सांडूबाबा म्हणाले. “आमी बसतो हितंच. ही कॅसेट मी एकदा हातातून खाली ठेवली व्हती. पुन्यांदा नाय ठेवत.”

“आजोबांनी स्पीकरवर ठेवली होती,” प्रेरणानं, म्हणजे त्या मुलीनं, हसत सांगितलं. “आमच्या घरातली फेमस स्टोरी आहे.”

गोकुळनं झेरॉक्सवाल्याकडून स्टूल आणून बाबांना बसायला दिलं. आता सुटका नव्हती. ज्या कॅमेऱ्यानं कॅसेट भरली त्याच कॅमेऱ्यावर ती सगळ्यात चांगली चालते, हे तो रोज गिऱ्हाइकांना शिकवायचा. तो कॅमेरा टेबलाखाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पडलेला होता. कितीदा विकायला काढला आणि कितीदा परत ठेवला. त्यानं तो वर घेतला, कॅसेटचं झाकण उघडलं, आणि कागदाच्या पट्ट्या कापायला बसला.

इतक्या सावकाश त्यानं कधी हेड साफ केलं नसेल. पहिल्या पट्टीवर रेघ आली ती काळी नव्हती, पिवळट तपकिरी होती. चोवीस वर्षांपूर्वीचं अत्तर वाळून खळ झालेलं. वास मुळीच नव्हता. दुसरी पट्टी, तिसरी, दहावी. बोट ड्रमवर फिरत होतं आणि मनात एकच चाललं होतं, की ही रेघ संपूच नये. पण पंधराव्या पट्टीवर कागद कोराच राहिला.

“किती निगुतीनं करता हो,” बाबा म्हणाले. “तवाचा तो शूटिंगवालाबी असाच व्हता. लई भला माणूस. माझ्या हातून एवढं झालं, पर एका शब्दानं बोलला नाय मला. दुसरा असता तर भांडला असता.”

गोकुळनं वर पाहिलं नाही. कॅसेट आत सरकवली आणि वायर टीव्हीला जोडली.

वरात दिसली. जीप, बँड, नाचणारी पोरं. प्रेरणा पुढं झुकली. मग मुंग्या आल्या. गोकुळ तोंड उघडणार, ‘बघा, काही निघत नाही’, तेवढ्यात टीव्हीतून लग्न लावणाऱ्या भन्तेजींचा आवाज आला. मागोमाग सगळा मांडव म्हणू लागला. बुद्धं सरणं गच्छामि.

टेपवर आवाजाची पट्टी काठाला वेगळी असते आणि ती भरणारं हेडही वेगळं. ते ड्रमवर नसतंच. अत्तर त्याला लागलंच नव्हतं. हा कॅमेरा निळा पडदा ओढणाऱ्यांतला नव्हता. जे असेल ते मुकाट ऐकवत होता. धंद्यातली ही साधी गोष्ट गोकुळला माहीत नव्हती असं नाही. या एका कॅसेटच्या बाबतीत ती आठवायची त्याची हिंमत झाली नव्हती, एवढंच.

“आवाज आहे!” प्रेरणा ओरडली. “आजोबा, आवाज आहे सगळा!”

सांडूबाबांनी डोळे मिटले होते. प्रतिज्ञा झाल्या. टाळ्या झाल्या. मग कुणाच्या तरी हुंदक्याचा आवाज आणि त्याच्यावर, अगदी माईकजवळचा, एक तरणा रुबाबदार आवाज : “बाबा, परत एकदा. जरा इकडं तोंड करून.”

“ह्योच तो,” बाबा म्हणाले. “शूटिंगवाला.”

गोकुळला पुढचं आठवायला लागलं. हार, मग जेवण. आणि जेवणाच्या वेळी, मांडवामागं, राजेंद्रशी बोलायच्या आधी त्यानं लाल बटण दाबलेलं होतं. त्याचा हात आपोआप पुढं गेला आणि त्यानं कॅमेरा बंद केला.

“पुढं काही नाही,” तो म्हणाला.

“पण काका, टेप तर अजून निम्मी बाकी दिसतेय.”

“चालू द्या भाऊ,” सांडूबाबा म्हणाले. त्यांनी हात जोडले. चोवीस वर्षांपूर्वी जोडले होते तसेच. “आहेराच्या टायमाला लीलाबाईच बोलत व्हती सगळ्यांशी. ती गेली कोरोनात. तिचा आवाज नाय आमच्याकडं. फोनमधी बी नाय. येवढं ऐकवा.”

आता गोकुळला एक पळवाट होती. जेवणाचा भाग झरझर पुढं पळवायचा आणि आहेरापाशी थांबवायचं. त्याच्यासारख्या हाताला ते काही जड नव्हतं. कुणाला कळलं नसतं. पेनड्राईव्हमध्येही तेवढा तुकडा कापता आला असता. म्हातारा बायकोचा आवाज ऐकून आशीर्वाद देऊन गेला असता, आणि शूटिंगवाला लई भला माणूस राहिला असता. पळवायच्या बटणावर त्याचं बोट होतं. ते दाबलं जाईना. बाबांचे जोडलेले हात समोर होते आणि ते बघून त्याला स्वतःची अशी काही लाज वाटली, की जिन्याखालच्या त्या खोबणीत तोंड लपवायला जागा नव्हती.

“बाबा,” तो म्हणाला, “आता जो आवाज येईल, तो माझा आहे.”

त्यानं बटण दाबलं. टीव्हीवर मुंग्या आणि मागं पंगतीचा गलका. मग तोच तरणा आवाज, पण रुबाब गेलेला : “राजू, काय बी उतरलं नाय रे. मी अत्तरानं हेड पुसलं, ते भरलं तेलानं.” आणि दुसरा आवाज : “मग सांग की त्यांना. हार परत घालतील, मानसं हायेत अजून.” आणि पुन्हा पहिला : “येडा झाला का? चार लोकांत नाव जाईल माझं. तू लाईट चालू ठेव. हसू दे त्यांना. कुनाला कळता कामा नाय.”

गल्लीत एक रिक्षा हॉर्न वाजवून गेली. प्रेरणा हळूहळू गोकुळकडं वळली. तिच्या चेहऱ्यावर आधी काही समजलेलं नव्हतं, मग सगळं समजलं.

“म्हणजे स्पीकरनं—”

“स्पीकरनं पुसलं असतं तर आवाजही गेला असता, ताई,” गोकुळ म्हणाला. “बाबांनी काहीच केलं नाही. मला दुपारीच माहीत होतं. मी मुद्दाम विचारलं, कॅसेट कुठं ठेवली होती.”

“तुम्हाला माहितीये आमच्या घरी काय बोलतात त्यांना?” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“माहीत आहे!” ती म्हणाली.

टेप चालूच होती. आहेराचे पुकारे सुरू झाले होते आणि गलक्यातून एका बाईचा खडा, हसरा आवाज वर आला. “अवो, ते साडीचोळीचं ताट खाली नका ठेवू. ह्यांच्याकडं द्या. ह्यांचा हात हलत नाय.” थोड्या वेळानं पुन्हा : “पेल्यांचा डबा बी ह्यांच्याकडंच द्या.” दोन तासांत लीलाबाई तेच किती वेळा म्हणाल्या असतील. सांडूबाबा शेवटपर्यंत ऐकत बसले. रडले नाहीत. एकदा फक्त त्यांनी आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले.

टेप संपल्यावर ते म्हणाले, “ती मला त्या दिसानंतर कायबी धरायला देत नव्हती. बोलायची नाय, पर देत नव्हती. तिला कोन सांगनार आता?”

गोकुळ त्यांच्या पायांशी वाकला. बाबांनी पाय मागं घेतले.

“मला सांगून काय उपेग? मला बी कवा कवा वाटायचं, मी पोरीचं वाईट केलं नसंल, पर बोलता येत नव्हतं. तुमी रविवारी लग्नाला या. तिथं माईक असतोय. हार पडायच्या आधी सांगा. समद्यांना सांगा.”

रविवारी रूपानं इस्त्रीचा पांढरा शर्ट काढून दिला. काय सांगायला जातोय, हे त्यानं तिला आदल्या दिवशी सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, “म्हंजे वास सोसत नाय, ते खोटंच.” तीही सोबत आली, पण लॉनवर पोचल्यावर बायकांत मागं जाऊन बसली.

फर्दापूरहून तीन गाड्या भरून माणसं आली होती. ड्रोन होता, तीन कॅमेरे होते, शिवाय प्रत्येकाच्या हातात मोबाईल. गोकुळचं नाव माईकवरून पुकारलं गेलं तेव्हा त्याला स्टेजपर्यंतची वीस पावलं काही संपेनात. समोर सगळ्यांच्या काचा त्याच्याकडं रोखलेल्या. या वेळी काहीही निसटणार नव्हतं.

तो फार बोलला नाही. नाव सांगितलं, साल सांगितलं, अत्तर सांगितलं. शेवटी म्हणाला, “सांडूबाबांनी कॅसेट पुसली नाही. मी पुसली, आणि खापर त्यांच्यावर फोडलं.” एवढं बोलून थांबला. माफी मागायची म्हणून वाक्य जुळवून आणलं होतं, पण ते तोंडातून निघालंच नाही. वर ड्रोन घरघरत होता. “आरं पन—” असं कुणी तरी म्हणालं. चोवीस वर्षं ज्यांनी ती थट्टा केली होती, त्यांतले बरेच जण पायांकडं बघत होते.

स्टेजवर सुलेखा उभी होती. तिच्या हातात लेक-जावयाच्या हारांचं ताट होतं आणि ते धरायला तिची जाऊ पुढं आली होती. सुलेखानं गोकुळकडं पाहिलंसुद्धा नाही. ती पहिल्या रांगेपाशी खाली उतरली, वडिलांना हाताला धरून वर घेऊन आली, आणि जावेला म्हणाली, “बाबांकडं राहू दे. त्यांचा हात हलत नाय.”

सांडूबाबांनी ताट दोन्ही हातांनी घेतलं, जरा तिरपं केलं, आणि उजेड बघून उभे राहिले. गोकुळ माईकपाशीच होता; त्याला बस म्हणणारं कुणी नव्हतं. तिथून त्याला दिसत होतं, की ताट थोडं थोडं हलत होतं. अठ्ठ्याहत्तरीचे हात होते ते. पण ताट कुणी परत मागितलं नाही.